बेहड्याचे दोन हिशेब

संगमेश्वर तालुक्यात बेहडा दोन तऱ्हांनी विकला जातो. उभे झाड ठेकेदाराला दिले की पैसे एकदाच मिळतात, आणि खोड फळ्यांना नाही तर सरपणाला जाते. तेच झाड राखले तर थंडीत खाली फळांचा खच पडतो. ती वेचावी, वाळवावी, विकावी आणि पुढच्या वर्षी पुन्हा वेचावी. दुसरा हिशेब सरस आहे हे शाळकरी पोरही सांगेल. तरी वर्षानुवर्षे पहिलाच व्यवहार होत आला, कारण फळाला भाव नव्हता आणि ठेकेदार रोकडा घेऊन अंगणात उभा असे.

हवामान बदलाशी या हिशेबाचा संबंध आहे. मात्र तो समजायचा तर आधी कोकणातल्या जंगलाची मालकी समजून घ्यावी लागते. २००६च्या वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि ‘गावाचे जंगल’ म्हटले की आपल्याला मेंढाच आठवते. रत्नागिरी जिल्ह्यात हा रस्ता जवळजवळ बंद आहे. इथे वनखात्याचे जंगल नावापुरते; उरलेले सगळे कोणाच्या ना कोणाच्या सात-बारावर. त्या सात-बारावर नावे ढीगभर, त्यातली निम्मी मुंबईला. शेतकऱ्याने आपले झाड विकले तर त्यात बेकायदा काही असतेच असे नाही. मुलीचे लग्न, दवाखाना, घराची कौले. जंगल ही त्याची ठेव, आणि अडीनडीला ठेव मोडतात.

याला अपवाद देवरहाटीचा. जुगाई, वाघजाई, केदारलिंग यांच्या नावाने राखलेली ही राने. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला आणि ‘अंधश्रद्धेची जागा’ हा शिक्का पुसून तिथल्या वनस्पती अभ्यासकांसमोर ठेवल्या. पण झाडांच्या यादीपेक्षा मला तिथली व्यवस्था अधिक मोलाची वाटते. फांदी तोडायची तर गाव बसणार, मानकरी बसणार, गुरव देवाला कौल लावणार; एकट्याला निर्णय घेता येत नाही. वैयक्तिक गरजेपासून झाडाला दूर ठेवण्याची याहून स्वस्त यंत्रणा मला तरी माहीत नाही.

अर्थात तिचे गोडवे गाताना डोळे उघडे ठेवलेले बरे. देवळाचा जीर्णोद्धार निघाला, स्लॅब आणि फरशीचा खर्च आला, की त्याच रहाटीतली म्हातारी झाडे विकून पैसा उभा केल्याची उदाहरणे कोकणात आहेत. कौल देवाचा असला तरी प्रश्न माणसेच विचारतात.

पुण्याची ‘अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ ही अर्चना गोडबोले आणि जयंत सरनाईक यांची संस्था गेल्या शतकाच्या अखेरीपासून संगमेश्वरच्या गावांत काम करते आहे. सुरुवात देवरायांपासून झाली. मग लक्षात आले की रहाटी वाचली तरी तिच्याभोवतीचे खासगी रान तुटत राहिले तर ती बेट होऊन बसते. म्हणून मालकांशी आणि गावांशी संवर्धन करार सुरू झाले: ठरावीक वर्षे झाड तोडायचे नाही, त्याबदल्यात मोबदला. दुसरी वाट फळांची. जंगलातून गोळा होणाऱ्या मालासाठी ‘फेअरवाइल्ड’ नावाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे. किती फळे घ्यायची, किती प्राण्यांसाठी आणि बीसाठी सोडायची, फांदी छाटायची नाही, वेचणाऱ्याला रास्त दर द्यायचा, या त्याच्या अटी. २०१५च्या सुमारास इथला बेहडा आणि हिरडा त्यात बसला. ‘पक्का हर्ब्स’ या चहा विकणाऱ्या ब्रिटिश कंपनीने तो त्रिफळ्यासाठी घेतला. भीमाशंकरच्या बाजूला हेच काम महादेव कोळी कुटुंबांबरोबर चालते. हिरडा कधी पाडायचा आणि कोणते झाड एक वर्षाआड फळते हे त्या कुटुंबांना कोणी शिकवावे लागले नाही. त्या माहितीला भाव मिळण्याची सोय तेवढी नव्हती.

आता बेहड्याचाच आणखी एक भाडेकरू. जुन्या बेहड्याच्या खोडात मोठी ढोली तयार होते आणि तिथे महाधनेशाची मादी स्वतःला कोंडून घेते. विष्ठेने तोंड लिंपून फक्त चोचीएवढी फट ठेवते आणि तीन-चार महिने नराने आणलेल्या फळांवर स्वतः जगते, पिल्लू जगवते. अशी ढोली कोवळ्या झाडात होत नाही. त्यासाठी थोराड, म्हणजे ठेकेदाराच्या डोळ्यांत भरणारेच झाड लागते. धनेश वड-उंबराची फळे खातो तसा रानजायफळाचा टपोरा दाणाही गिळतो आणि दूर कुठेतरी बी टाकतो. एवढे मोठे बी नेऊ शकणारे पक्षी थोडेच. मोठ्या बियांची झाडे बहुधा घट्ट लाकडाची, म्हणून हवेतला कार्बन अधिक साठवणारी. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या जंगलांबद्दल २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की फळे खाणारे मोठे प्राणी-पक्षी संपले तर जंगल उभे दिसूनही त्याची कार्बन साठवण्याची ताकद घटत जाते. तेव्हा कार्बनचा हिशेब मांडताना नुसती हेक्टर मोजून भागत नाही, ढोल्याही मोजायला हव्यात.

संगमेश्वरकरांना मात्र कार्बनपेक्षा पाऊस जवळचा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि मे महिन्यात काही वाड्यांना टँकर लागतो. जांभ्याचा उघडा सडा पाणी धरत नाही, उतारावरून ते तासाभरात पऱ्ह्यात आणि तिथून शास्त्री-सोनवीत जाते. पालापाचोळ्याची गादी आणि मुळांनी केलेली भोके असली की पाणी मुरते. देवरहाटीच्या कडेला बारमाही झरा सापडतो तो यामुळे. पश्चिम आणि मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्या, असे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले. चार महिन्यांचा पाऊस चार दिवसांत येऊ लागला तर मुरवणारी जमीन हाच विमा.

इथे एक सावधगिरी. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले, खेडजवळ पोसरे आणि पलीकडे महाडचे तळिये गाडले गेले. तेव्हा ‘झाडे असती तर’ हे वाक्य फार स्वस्त झाले होते. मुळांची पकड सहसा वरच्या एक-दोन मीटरपुरती असते. डोंगर त्याहून खोलवर सुटला तर जंगलही खाली येते. झाडे उथळ घसरण आणि मातीची धूप रोखतात, पाण्याचा लोंढा थोडा लांबवतात. एवढे पुरेसे मोठे काम आहे, त्यांना गोवर्धन उचलायला लावू नये.

कुठली झाडे, हाही प्रश्न उरतो. ऐन, किंजळ, आसाणा, बेहडा, सातवीण यांचे मिसळलेले रान काढून सलग काजू किंवा रबर लावले तर नकाशावर हिरवा रंग कायम राहतो. पण एकाच वयाची, एकाच जातीची झाडे एका अवकाळी पावसात मोहोर गमावतात आणि एका किडीने आजारी पडतात. मिश्र रानात हिरडा चुकला तरी बेहडा येतो. संगमेश्वरातल्या प्रयोगाची ही बाजू मला सर्वांत भक्कम वाटते: तिथे उत्पन्न आणि जंगल एकाच विविधतेवर उभे आहेत.

कच्ची बाजूही आहे. परदेशातल्या एका चहाच्या कंपनीने खरेदी थांबवली तर भाव कोण देणार? फळे वेचायला गावात उरलेल्या बायकांची वये काय? शिवाय करार टिकवायचा तर सगळ्या हिस्सेदारांची संमती हवी. बोरिवली, नालासोपारा, डोंबिवलीत विखुरलेले भाऊबंद एका अंगणात गाठायचे तर गणपती नाही तर शिमगा. कोकणात जंगलाची सभा घ्यायची असेल तर तिची तारीख वनखात्याने नव्हे, पंचांगाने ठरवलेली बरी. आणि पालखी नाचवून झाल्यावर, जेवणाच्या आधी, कारण जेवल्यावर मुंबईच्या गाड्या सुटतात.