काट्याचा रेडिओ घ्यावा की आकड्यांचा?

आगोटीच्या यादीत मीठ-मिरचीबरोबर सेलवर चालणारा रेडिओही लिहा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा आपल्या दापोली तालुक्यात वीज गेली आणि मोबाइलची रेंजही गेली. अशा वेळी बातमी कळायला रेडिओ उपयोगी पडतो.

दुकानात दोन प्रकार दिसतात. पहिला काट्याचा, म्हणजे अ‍ॅनालॉग. चाक फिरवलं की काटा सरकतो आणि स्टेशन बदलतं. चाकाला धक्का लागला की खरखर सुरू होते. पण अंधारात, आकडे न वाचता, आजीही तो कानाने लावू शकते. सेलही सहसा जास्त दिवस पुरतात.

दुसरा आकड्यांचा, म्हणजे डिजिटल. पडद्यावर आकडा दिसतो आणि स्टेशन जागचं हलत नाही. नेहमीची स्टेशनं बटणावर साठवता येतात. मात्र आपोआप शोधायला लावला, की कमजोर स्टेशन वगळून तो पुढे जातो. डोंगराआडच्या वाडीत असं झालं, तर आकडा हाताने एकेक पायरी सरकवा.

इथे एक गोष्ट नक्की तपासा. मिडियम वेव्हवर आपल्याकडे ही पायरी ९ किलोहर्ट्झची असते, अमेरिकेत १० ची. आकाशवाणी रत्नागिरीचा मिडियम वेव्हचा आकडा ११४३. पायरी १० ची असेल तर रेडिओ ११४० वरून थेट ११५० वर जातो, ११४३ मध्येच राहतो. कुणी परदेशातून रेडिओ आणला असेल, तर आधी पायरी ९ वर करून घ्या. काट्याच्या रेडिओला ही अडचण नाही.

आकडा दिसतो म्हणून डिजिटल रेडिओ लांबचं स्टेशन जास्त ओढतो, असं मात्र नाही. ते एरियलवर आणि आतल्या बांधणीवर ठरतं. एफएमसाठी दांडी पूर्ण उघडा. मिडियम वेव्हसाठी अख्खा रेडिओ हळूहळू फिरवून बघा, कारण तिचा एरियल आत असतो. एलईडी दिवा आणि मोबाइलचा चार्जर लांब ठेवा, खरखर कमी होईल.

घरात वयस्कर माणूस एकटं राहत असेल, तर काट्याचा घ्या. गटासाठी एकच घ्यायचा आणि तो अनेकींच्या हातात जाणार असेल, तर आकड्यांचा सोयीचा. कोणताही घेतलात तरी पावसाआधी आपल्याच घरात लावून बघा, स्टेशनचा आकडा भिंतीवर लिहा आणि वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा.