कॅसिनो रिसॉर्टमधलं मेक्सिकन जेवण: किंमत कशाची मोजतो आपण?

महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अंमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. त्यामुळे जालन्याच्या माणसाला कॅसिनो दिसतो तो गोव्याच्या सहलीत. अमेरिकेत लेकाकडे गेलेल्या आईवडिलांना तो लास वेगासमध्ये दिसतो. तिथल्या उंची रेस्टॉरंटमध्ये टाको किंवा एन्चिलाडाची किंमत वाचून प्रश्न पडतो, एवढे पैसे द्यावेत का? उत्तर देण्याआधी काही गैरसमज दूर करू.

गैरसमज १ : माल परदेशी, म्हणून महाग.

वस्तुस्थिती : मेक्सिकन स्वयंपाकाचा पाया मका, मिरची, टोमॅटो आणि घेवड्याच्या दाण्यांचा आहे. भोकरदन-जाफराबादच्या शेतकऱ्याला मका नवा नाही आणि पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार तर सर्वांना ठाऊक आहे. मका आणि मिरची ही दोन्ही पिकं मुळात मेक्सिकोच्या मातीतली. मिरची पोर्तुगिजांबरोबर भारतात आली आणि आपल्या ठेच्यात अशी मुरली, की ती बाहेरची आहे हे आपण विसरलो. उलट दिशेनेही एक मराठी माणूस तिकडे गेला. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे यांनी मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवलं, मक्याच्या वाणांवर काम केलं. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिलं. ताटातला अव्होकाडो आणि काही खास वाळल्या मिरच्या सोडल्या, तर माल महाग नाही.

गैरसमज २ : मेक्सिकन म्हणजे नाचोज आणि वितळलेलं चीज.

वस्तुस्थिती : नाचोज १९४० च्या दशकात मेक्सिकोतल्या, पण अमेरिकेच्या सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास या गावात जन्मले. त्यावर ओतलं जाणारं पिवळं चीज ही अमेरिकी आवड. मेक्सिकोचा खरा कस टॉर्टियात, म्हणजे त्यांच्या मक्याच्या पोळीत लागतो. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात, सालं चोळून काढतात आणि मग ओलाच वाटतात. अशा चुन्यात शिजवलेल्या मक्याला निश्तमाल म्हणतात. आपली मक्याची भाकरी थापताना चिरते, कारण कोरड्या पिठाला चिकटपणा नसतो. चुन्यात भिजलेल्या मक्याची कणीक मात्र एकसंध राहते. शिवाय मक्यात अडकलेलं नायसिन हे जीवनसत्त्व मोकळं होतं आणि कॅल्शियम वाढतं. युरोपने मका नेला, पण ही रीत नेली नाही. मक्यावरच जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पेलाग्रा या रोगाने गाठलं. निश्तमालाची ही मेहनत ताटात असेल, तर जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

गैरसमज ३ : जागा जितकी महाग, तितकी चव अस्सल.

वस्तुस्थिती : २०२४ मध्ये मेक्सिको सिटीतल्या 'एल कालिफा दे लिओन' या टाकोच्या दुकानाला मिशेलिन तारा, म्हणजे रेस्टॉरंटच्या दर्जाचा मानाचा शिक्का, मिळाला. जागा जेमतेम दहा फूट बाय दहा फूट, गिऱ्हाईक उभ्यानेच खातं, टाकोचे प्रकार चार. रिसॉर्टमध्ये आपण भाडं, सजावट, खिडकीतलं दृश्य आणि नोकरवर्ग यांचेही पैसे देतो. ते हवे असतील तर जरूर द्यावेत, पण तो चवीचा दाखला नव्हे.

गैरसमज ४ : कॅसिनोत जेवण फुकट मिळतं.

वस्तुस्थिती : गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो जहाजांवर बुफेचे पैसे बहुधा प्रवेशशुल्कातच धरलेले असतात. लास वेगासमध्ये १९४० च्या दशकात स्वस्त बुफे सुरू झाला, तो खेळणाऱ्याने रात्री उशिरापर्यंत टेबल सोडू नये म्हणून. 'फुकट' थाळीची किंमत जुगारातल्या हरण्यातून वसूल होते.

गैरसमज ५ : मेनूवरचा आकडा म्हणजे बिल, आणि सर्व्हिस चार्ज सक्तीचा.

वस्तुस्थिती : भारतात साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के. खोलीभाडं दिवसाला ७,५०० रुपयांवर जाणाऱ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के. २,००० रुपयांचं जेवण बाहेर २,१०० ला पडतं. अशा हॉटेलात १० टक्के सर्व्हिस चार्ज धरला तर तेच २,५९६ वर जातं. दारूवर राज्याचा कर वेगळा. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसं बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. बिलातून तो काढायला सांगा. नकार मिळाला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

मग जावं का?

ऑर्डर देण्याआधी दोनच प्रश्न विचारा : टॉर्टिया इथेच बनते का, आणि मका चुन्यात भिजवलेला आहे का? दोन्हींना 'हो' आलं तर एकदा जरूर जेवा, पैसे वाया जाणार नाहीत. पाकिटातली टॉर्टिया आणि वर वितळलेलं चीज असेल, तर तुम्ही दिव्यांच्या झगमगाटाचे पैसे मोजताय. मका आणि मिरची पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या माणसाने तरी ताटात काय आहे हे विचारायला संकोचू नये.