‘बिफोर’च्याही आधी पाहा

थायरॉइडच्या गोळ्यांबरोबर बारीक अक्षरांत छापलेला एक कागद घडी करून दिलेला असतो. गोळी कधी घ्यायची ते त्यावर इंग्रजीत लिहिलेले असते: ‘हाफ ॲन अवर टू वन अवर बिफोर ब्रेकफास्ट’. सकाळच्या धांदलीत असलेली गृहिणी त्यातले ‘बिफोर ब्रेकफास्ट’ तेवढे उचलते. न्याहारीच्या आधी ना, मग झाले तर! पोह्यांची बशी समोर ठेवून ती घोटभर पाण्याबरोबर गोळी गिळते आणि लगेच पहिला घास तोंडात टाकते. ही गोळी रिकाम्या पोटीच नीट शोषली जाते. गोळी रोज घेऊनही तपासणीचा अहवाल मनासारखा येईनासा झाला की मग घरात डॉक्टर बदलण्याची भाषा सुरू होते.

‘बिफोर’ म्हणजे आधी, हे तिला ठाऊक होतेच. राहून गेले ते ‘बिफोर’च्याही आधी काय लिहिले आहे ते पाहणे.

बिफोर, आफ्टर, बिहाइंड, अंडर हे इंग्रजी शब्द नुसती वेळ किंवा जागा दाखवून मोकळे होतात. किती आधी, किती मागे, अगदी लागून की बरेच लांब, हे सांगण्याचे काम त्यांच्यापुढे बसलेला एखादा चिमुकला शब्द करतो. ‘जस्ट बिफोर’ म्हणजे किंचित आधी, ‘वेल बिफोर’ म्हणजे चांगला अवकाश ठेवून आणि ‘लाँग बिफोर’ म्हणजे फार पूर्वी. नोकरीच्या पत्रात ‘वेल बिफोर द टेन्थ’ असे लिहिलेले असताना जो उमेदवार नऊ तारखेच्या संध्याकाळी अर्ज घेऊन धावत येतो, त्याने ‘टेन्थ’ वाचलेले असते आणि ‘वेल’ सोडून दिलेले असते. अर्ज कदाचित घेतलाही जाईल, पण माणूस कसा आहे याचा अंदाज साहेबांनी तिथेच बांधलेला असतो.

‘अगदी’ म्हणजे ‘व्हेरी’ नव्हे

मराठी माणसाची खरी फजिती होते ती ‘अगदी’ या शब्दापाशी. शाळेत ‘अगदी’ म्हणजे ‘व्हेरी’ असे पाठ केलेले असते. ‘व्हेरी बिग’, ‘व्हेरी स्लोली’ इथपर्यंत सारे सुरळीत चालते. पण ‘देवळाच्या अगदी मागे’ म्हणायची वेळ आली की तोंडातून ‘व्हेरी बिहाइंड द टेंपल’ निघून जाते आणि ऐकणारा गोंधळतो. अशा ठिकाणी इंग्रजीला ‘राइट’ लागतो. ‘राइट बिहाइंड द टेंपल’, ‘राइट अंडर द बेड’, ‘राइट आफ्टर लंच’. हा ‘राइट’ उजवाही नव्हे आणि बरोबर-चूक मधला बरोबरही नव्हे. तो सरळ आपला ‘अगदी’ आहे. हे माहीत नसले तर ‘राइट बिहाइंड द बँक’ असा पत्ता ऐकून माणूस बँकेपाशी उजवीकडे वळतो आणि भर उन्हात हिंडत राहतो.

‘राइट’चे दोन भाऊबंदही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ‘स्ट्रेट’ म्हणजे थेट: मुलगी ‘स्ट्रेट फ्रॉम कॉलेज’ आली, म्हणजे वाटेत कुठेही न थांबता आली. ‘ऑल द वे’ म्हणजे पार: ‘ऑल द वे टू द स्टेशन’, पार स्टेशनापर्यंत.

गंमत अशी की या ‘राइट’चा उपयोग इंग्रजीच्या व्याकरणकारांनाही झाला आहे. ‘कम इन’मधला ‘इन’ क्रियाविशेषण आणि ‘इन द हाऊस’मधला ‘इन’ प्रिपोझिशन, असे शाळांतून शिकवत आले. डेन्मार्कचे भाषापंडित ओटो येस्पर्सन यांनी १९२४ च्या आपल्या ग्रंथात ही भिंत अमान्य केली. पुढे २००२ साली रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांचे केंब्रिजचे मोठे व्याकरण निघाले. त्यांनीही दोन्हीकडचा ‘इन’ एकच मानला. त्यांच्या पुराव्यांपैकी एक ‘राइट’चा आहे. तो ‘इन’ आणि ‘अप’च्या पुढे खुशाल बसतो, पण ‘स्लोली’च्या पुढे बसत नाही.

मराठी शाळेत शिकलेल्यांना हा वाद मुळीच परका वाटू नये. ‘तो मागे राहिला’ यात ‘मागे’ क्रियाविशेषण अव्यय आणि ‘घरामागे विहीर आहे’ यात तेच शब्दयोगी अव्यय, हा परीक्षेतला हमखास प्रश्न. शब्द एकच, कामे दोन.

वर माळ्यावर, मागे परसात

इंग्रजीचे हे जोडकाम अवघड वाटणाऱ्यांनी आपल्याच घरातले बोलणे जरा कान देऊन ऐकावे. ‘परात वर माळ्यावर आहे.’ ‘आजोबा बाहेर ओट्यावर बसलेत.’ ‘मुले मागे परसात खेळताहेत.’ आधी मोघम दिशा, मग नेमकी जागा. इंग्रजीही हेच करते: ‘अप ऑन द लॉफ्ट’, ‘आऊट ऑन द व्हरांडा’, ‘आऊट बॅक इन द यार्ड’. मराठीत जागेचा प्रत्यय नामाला चिकटतो, म्हणून इंग्रजी बोलताना नेमका तोच निसटतो. ‘अप इन द ट्री’ म्हणजे वर झाडावर. मधला ‘इन’ गाळून ‘द कॅट रॅन अप द ट्री’ म्हटले की मांजर झाडावर सरसर चढू लागते.

‘अप’ आणि ‘डाऊन’ नेहमी उंची दाखवतात असेही नाही. नकाशात उत्तर वर असते, म्हणून ‘अप नॉर्थ’ आणि ‘डाऊन साऊथ’. मुंबईच्या मध्य रेल्वेवर तर कल्याणकडे जाणारी लोकल ‘डाऊन’ आणि बोरीबंदराकडे येणारी ‘अप’. तिथे चढउताराचा संबंध नाही; मुख्य स्थानकाकडे येणारी ती ‘अप’ एवढाच हिशेब.

वेळ मोजून सांगताना होणारी एक चूक मात्र चांगल्या शिकलेल्या घरांतही ऐकू येते. ‘जेवणानंतर अर्ध्या तासाने’ याचे ‘आफ्टर हाफ ॲन अवर ऑफ मील्स’ केले जाते. इंग्रजीत माप आधी येते: ‘हाफ ॲन अवर आफ्टर मील्स’. परगावी किंवा परदेशी मराठी न समजणाऱ्या परिचारिकेला आईच्या औषधाची वेळ फोनवरून सांगायची असेल, तर हा क्रम आधी दोनदा मनाशी म्हणून पाहावा.

दुकानदाराचा ‘अप टू’

हे चिमुकले शब्द कुणी पुरते ओळखले असतील तर ते दुकानदारांनी. सेलच्या पाटीवर ‘५० टक्के’ हाताएवढ्या अक्षरांत असते आणि त्याच्या डोक्यावर ‘अप टू’ मुंगीएवढे. सूट जास्तीत जास्त पन्नास टक्के, कमीत कमी कितीही. बाईंनी निवडलेल्या साडीवर दहाच टक्के निघाली, तरी पाटी खोटी ठरत नाही.

‘ओन्ली’चीही जागा पाहून घ्यावी. ‘चिल्ड्रन आर ॲडमिटेड ओन्ली विथ पेरेंट्स’ म्हणजे मुलांना आईवडिलांबरोबरच प्रवेश. तोच शब्द उचलून सुरुवातीला ठेवला, ‘ओन्ली चिल्ड्रन आर ॲडमिटेड विथ पेरेंट्स’, की आईवडिलांबरोबर फक्त मुलांनाच आत सोडतात आणि सोबत आलेल्या आजीला दारातच थांबावे लागते. मराठीचा ‘च’ शब्दाला घट्ट चिकटलेला असतो, म्हणून तो असा भरकटत नाही. चेकवर मात्र इंग्रजी ‘ओन्ली’ मुद्दाम शेवटी लिहितात, रकमेपुढे दुसऱ्या कुणाला काही जोडता येऊ नये म्हणून.