व्यवसायोपचार म्हणजे काय?

'व्यवसायोपचार' म्हटले की पुष्कळांना वाटते, येथे रोग्याला एखादा धंदा शिकवीत असावेत. वस्तुतः येथे व्यवसाय म्हणजे माणसाचे नित्याचे व्यवहार: स्नान, भोजन, लेखन, कामकाज. पक्षाघातानंतर माझ्या मामांना सदराही घालता येईना. व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंनी रीत शिकविली: आधी लुळा हात बाहीत, मग चांगला. चमच्याची मूठ त्यांनी कापड गुंडाळून जाड केली. मामा आपल्या हाताने जेवू लागले.

या विद्येचे भारतातील पहिले विद्यालय कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू केले. आपल्या गावी तज्ज्ञ शोधताना प्रथम जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी. खाजगी तज्ज्ञाची पदवी व नोंदणी पाहावी. रोग्याला कोणते काम पुन्हा स्वतः करावयाचे आहे, हे पहिल्याच भेटीत सांगावे. उपचाराची दिशा त्यावरूनच ठरते.