स्कॅन केलेल्या कागदाचे रूपांतर आणि हरवणारे अनुस्वार

अक्कलकुवा तालुका आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. १ जुलै १९९८ पूर्वी तो धुळे जिल्ह्यात होता. त्याही मागे गेले की 'पश्चिम खानदेश' हे नाव लागते आणि १९०६ च्या पलीकडे पाहिले तर खानदेश हा एकच मोठा जिल्हा दिसतो. या भागाचे जुने कागद शोधणाऱ्याला असे नाव बदलत बदलत मागे जावे लागते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशाचा. तो १८८० साली निघाला. काठीसारख्या मेवासी संस्थानांची हकीकत त्यातच सापडते.

हे पुस्तक केवळ इतिहासाच्या आवडीचे नाही. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या नियमांतील तेराव्या नियमात दाव्याला कोणते पुरावे चालतील हे सांगितले आहे. त्यात गॅझेटियर, जनगणना, जमीन मोजणीचे व जमाबंदीचे अहवाल, नकाशे, वनखात्याची कागदपत्रे यांची नावे स्पष्टपणे येतात. दाव्यासोबत एकाहून अधिक पुरावे पाहायचे असतात. सातपुड्यातल्या गावांना या यादीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. जुने कागद आता बहुधा स्कॅन केलेल्या फाइलींच्या रूपात हाती येतात. त्या उघडत नाहीत, फार मोठ्या असतात, नाहीतर छापल्यावर पुसट निघतात. मग गावात संगणक हाताळणारा माणूस म्हणून ती फाइल बरेचदा शिक्षकाकडेच येते : "गुरुजी, एवढे पान काढून द्या."

एका प्रकारच्या फाइलीतून दुसऱ्या प्रकारची फाइल करणे म्हणजे एका डब्यातले धान्य दुसऱ्या डब्यात ओतण्यासारखे, असे आपण समजतो. पण काही डब्यांत धान्य जसेच्या तसे राहते, काहींत त्याचे पीठ होते. आणि पिठाचे पुन्हा धान्य होत नाही.

आधी थोडे गणित करू. ए-फोर आकाराचे पान दर इंचाला ३०० बिंदू या घनतेने स्कॅन केले, तर आडवे २४८० आणि उभे ३५०८ बिंदू होतात. गुणाकार सुमारे ८७ लाख. प्रत्येक बिंदूचा रंग सांगायला तीन बाइट लागतात, म्हणजे एका पानाचे २ कोटी ६१ लाख बाइट. रंग नको, करड्या छटा पुरेत, असे म्हटले तर ८७ लाख. आणि प्रत्येक बिंदू फक्त काळा किंवा पांढरा मानला, तर एका बाइटमध्ये आठ बिंदू मावतात आणि आकडा ११ लाखांच्या खाली येतो. शेकडो पानांचे पुस्तक असेल तर एवढेही परवडत नाही. म्हणून आकुंचनाच्या निरनिराळ्या युक्त्या निघाल्या, आणि फाइलींचे प्रकार म्हणजे मुख्यतः या युक्त्याच.

फॅक्सयंत्रांसाठी १९८४ मध्ये 'ग्रुप फोर' ही पद्धत ठरली. ती प्रत्येक ओळ वरच्या ओळीशी ताडून पाहते आणि जेवढा फरक तेवढाच लिहिते. काळ्यापांढऱ्या पानाला ती उत्तम, आणि उलगडल्यावर एकही बिंदू बदललेला नसतो. टिफ या डब्यात बहुधा हीच पद्धत असते. पीएनजी १९९६ ची. तीही बिंदू न गमावणारी, आणि रंगही चालतात. जेपेग १९९२ ची, छायाचित्रांसाठी घडवलेली. ती चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहज न जाणवणारे बारकावे टाकून देते. निसर्गदृश्याला हे शोभते. अक्षराची काळी कड मात्र नेमका असा बारकावा असते. म्हणून जेपेगमधल्या अक्षरांभोवती धुरकट डाग दिसतात. फाइल दुरुस्त करून पुन्हा पुन्हा जेपेगमध्ये साठवली की डाग वाढत जातात.

डेजा व्हू हा प्रकार १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील एटीअँडटीच्या प्रयोगशाळेत तयार झाला. तो पानाचे थर पाडतो : अक्षरांचा ठसा वेगळा, मागचा पिवळट कागद वेगळा. ठसा पूर्ण घनतेने ठेवायचा, कागद कमी घनतेने. जुन्या पुस्तकांच्या फाइली त्यामुळे खूपच लहान होतात. पीडीएफ ही स्वतः पद्धत नव्हेच, ते कपाट आहे. त्याच्या आत यांपैकी काहीही असू शकते, आणि रूपांतरातली निम्मी फसगत 'आत काय आहे' हे न पाहिल्याने होते.

आता आज्ञांकडे वळू. खिडक्या उघडून बटणे दाबणारे कार्यक्रम आहेत, मग आज्ञा टंकायच्या कशाला? तीन कारणे आहेत. तीनशे पाने एकाच ओळीत होतात. इंटरनेट लागत नाही, जुना संगणकही चालतो. डोंगरातल्या शाळेला हे सोयीचे. शिवाय गावकऱ्यांचे कागद कोणत्या अनोळखी संकेतस्थळावर चढवावे लागत नाहीत, आणि आम्हाला हेच कारण सर्वांत मोठे वाटते. लागणारी साधने विनामूल्य मिळतात. आज्ञा टंकायच्या इंग्रजी लिपीतच. येथे त्यांची अक्षरे सुटी करून देतो. 'वजा' म्हटले की वजाबाकीचे चिन्ह, आणि प्रत्येक शब्दानंतर एक जागा.

पीडीएफ हाती आली की पहिली आज्ञा तपासणीची : पी-डी-एफ-आय-एम-ए-जी-ई-एस, वजा एल-आय-एस-टी, मग फाइलचे नाव. पॉपलर या संचातले हे साधन. पडद्यावर एक तक्ता येतो. प्रत्येक चित्र कोणत्या पानावरचे, किती बिंदूंचे, इंचाला घनता किती आणि आकुंचन कोणते, हे त्यात कळते. ई-एन-सी असा मथळा असलेला रकाना पाहा. तिथे जेपेग लिहिले असेल, तर 'वजा एल-आय-एस-टी'च्या जागी 'वजा ए-एल-एल' टाकून फाइलच्या नावापुढे नव्या फाइलींसाठी एक नाव द्या. आतले जेपेग आहे तसे बाहेर येते, पुन्हा आकुंचन होत नाही. फॅक्सची पद्धत म्हणजे सी-सी-आय-टी-टी असेल, तर 'वजा पी-एन-जी' टाका. एकाच पानाची दोन-तीन चित्रे निघाली, एकात नुसता कागद आणि दुसऱ्यात नुसती अक्षरे, तर घाबरू नका. पान थर पाडून ठेवलेले आहे एवढाच त्याचा अर्थ.

अशा वेळी पान काढून न घेता नव्याने रेखाटून घ्यायचे. त्यासाठी पी-डी-एफ-टी-ओ-पी-पी-एम, वजा आर ३००, वजा पी-एन-जी, मग 'वजा एफ' आणि पहिल्या पानाचा क्रमांक, 'वजा एल' आणि शेवटच्या पानाचा, मग पीडीएफचे नाव, मग नव्या फाइलींचे नाव. आकडे इंग्रजीत टंकायचे. डेजा व्हू फाइलीसाठी डी-डी-जे-व्ही-यू हे साधन आहे. त्याला 'वजा एम-ओ-डी-ई बरोबर बी-ए-सी-के-जी-आर-ओ-यू-एन-डी' असे सांगितले तर फक्त मागचा कागद मिळतो. शेवटच्या शब्दाऐवजी एम-ए-एस-के लिहिले तर नुसता अक्षरांचा ठसा. वर्गात ही दोन चित्रे शेजारी शेजारी दाखवा. थर म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

इमेजमॅजिक हे सर्वांत प्रसिद्ध साधन, आणि सर्वांत जास्त खड्डेही त्याच्याच वाटेवर. पीडीएफ दिली की ते आपण होऊन दर इंचाला ७२ बिंदूच धरते. घनता सांगायची तर 'वजा डी-ई-एन-एस-आय-टी-वाय ३००' हे शब्द फाइलच्या नावाच्या आधी यावे लागतात. नंतर लिहिले तर वेळ गेलेली असते, कारण पान आधीच ७२ ने वाचून झाले. दुसरा खड्डा नावाचा. या साधनाची जुनी आज्ञा सी-ओ-एन-व्ही-ई-आर-टी. विंडोजमध्ये याच नावाची स्वतःची आज्ञा आहे आणि ती डिस्कची रचना बदलण्यासाठी आहे! सातव्या आवृत्तीपासून एम-ए-जी-आय-सी-के ही आज्ञा आली, तीच वापरावी. तिसरा, एम-ओ-जी-आर-आय-एफ-वाय ही आज्ञा त्याच प्रकारात बदल करताना मूळ फाइलीवरच लिहिते. मूळ फाइलीची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.

७२ आणि ३०० मधला फरक देवनागरीत फार बोचतो. पुस्तकातला अनुस्वार साधारण अर्धा मिलिमीटर रुंद धरू. ३०० घनतेला तो सहा बिंदूंचा होतो, १५० ला तीन, आणि ७२ ला जेमतेम दीड. आता पान नुसते काळेपांढरे केले तर प्रत्येक बिंदूचा निकाल लागतो : अमुक छटेपेक्षा गडद तो काळा, बाकीचे पांढरे. दीड बिंदूचा करडा ठिपका या निकालात सहज पांढरा ठरतो. 'गावांत'चे 'गावात' होते, अनेक गावांचे एक गाव होते. फिकट जांभळा शिक्का आणि उडालेल्या शाईची सही यांचेही तसेच. म्हणून शिक्का असलेला कागद काळापांढरा करू नये. करड्या छटांत किंवा रंगीत पीएनजीत ठेवावा, फाइल मोठी झाली तरी चालेल.

याहून गंभीर प्रकार २०१३ च्या ऑगस्टमध्ये उघड झाला. डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर एका घराचा आराखडा स्कॅन केला होता. तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी होती. प्रतीत तिन्ही ठिकाणी १४.१३ आले. आकडे पुसट नव्हते, स्वच्छ आणि सुवाच्य होते, फक्त चुकीचे होते. कारण होते जेबिग-टू ही आकुंचनाची पद्धत. तिच्या एका प्रकारात सारखे दिसणारे आकार एकदाच साठवतात आणि पुढे जिथे तसा आकार येईल तिथे तोच ठसा उमटवतात. 'सारखे' ठरवण्यात ढिलाई झाली की ६ च्या जागी ८ बसतो. कंपनीने पुढे यंत्रांसाठी दुरुस्ती दिली.

देवनागरीत याला एक वेगळा पदर आहे. शिरोरेषेमुळे आपल्या शब्दातली अक्षरे एकमेकांना चिकटलेली असतात, संगणकाला सबंध शब्द हा एकच आकार दिसतो. हुबेहूब तसा शब्द पुन्हा क्वचित येतो, त्यामुळे अदलाबदलीला वाव कमी. आकड्यांना शिरोरेषा नसते. ते सुटे असतात, पुन्हा पुन्हा येतात, आणि बारीक छपाईत १ आणि ९ यांच्यात फरक तो केवढा! सातबारा किंवा फेरफार पाहा : गट क्रमांक, हेक्टर, आर. ज्या जागी चूक सर्वांत महाग पडेल, तिथेच आकार सुटे आहेत. तपासणीच्या तक्त्यात जेबिग-टू दिसले म्हणजे आकडे चुकलेच असे नाही, कारण बिंदू न गमावणारा जेबिग-टूही असतो. पण तक्त्यावरून दोन्हींतला भेद कळत नाही. मूळ कागद समोर धरून आकडे ताडून पाहणे एवढाच उपाय. अशी चूक फाइलीत शिरली असेल तर पुढे पीएनजी करा, टिफ करा, ती निघत नाही. उलट 'बिंदू न गमावणाऱ्या' फाइलीत ती कायमची बसते.

फोनवरून पाठवतानाही रूपांतर होते, तेही न विचारता. व्हॉट्सअ‍ॅपवर कागद 'फोटो' म्हणून पाठवला की तो लहान करून नव्याने जेपेग होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की जसाच्या तसा जातो. आणि काढून दिलेले पान ही वाचायची प्रत. दाव्याला प्रमाणित प्रत हवी असेल तर ती संबंधित कार्यालयातूनच घ्यावी लागते. त्या वेळी खंड आणि पानाचा क्रमांक सांगता यावा म्हणून तो फाइलच्या नावातच घालून ठेवावा.

विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग जरूर करून घ्या. पाठ्यपुस्तकाचे एक पान ३०० घनतेने स्कॅन करून पीडीएफ करा. मग तेच पान 'वजा आर'पुढे ३००, १५० आणि ७२ टाकून तीनदा काढा, तिन्ही वेळा 'वजा एम-ओ-एन-ओ' म्हणजे काळेपांढरे करून. फक्त या वेळी 'वजा पी-एन-जी' गाळा. निघणाऱ्या पीबीएम फाइली इमेजमॅजिक उघडते. तिन्ही पानांतले अनुस्वार मोजा. मोजणाऱ्याला मूळ पान आधी दाखवू नका, नाहीतर नसलेला अनुस्वारही त्याला दिसतो.