शिक्षकांचा मार्गदर्शक शिक्षकच!

शालेय विज्ञानशिक्षणाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोनच प्रसंगी होते : दहावीचा निकाल लागतो तेव्हा आणि २८ फेब्रुवारीस विज्ञान दिन साजरा होतो तेव्हा. परंतु मुलाची जिज्ञासा जगणार की मरणार, याचा निर्णय त्यापूर्वीच, सहावी ते आठवीच्या वर्गांत, लागून गेलेला असतो. त्या वर्गापुढे जो शिक्षक उभा असतो, त्याच्या पाठीशी कोण उभे आहे, हा प्रश्न आम्हांस आज विचारावयाचा आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. बशीतल्या पाण्यात जळती मेणबत्ती ठेवून तिच्यावर पेला उपडा घातला की पाणी आत चढते. प्राणवायू जळून गेला म्हणून पाणी चढले, असे पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते. पण एखादी चौकस मुलगी विचारते, ‘मग पाणी ज्योत विझल्यावरच भरभर का चढले?’ प्रश्न अचूक आहे. तापलेली हवा निवून आकुंचन पावते, हेच त्याचे मुख्य कारण होय. परंतु ज्या शिक्षकाला आपली शंका विचारण्यास जागाच नाही, तो त्या मुलीला खाली बसविण्यापलीकडे काय करणार?

अशी जागा निर्माण करता येते, हे शेजारच्या मध्य प्रदेशाने दाखविले आहे. त्या वेळच्या होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम्, जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सहावी ते आठवीच्या १६ शाळांत प्रयोगाधिष्ठित विज्ञानशिक्षण सुरू केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिकांनी त्यास हातभार लावला. १९७८ साली हा उपक्रम जिल्हाभर पसरला. १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे नेला. मुले टोळ्या करून प्रयोग करीत आणि परीक्षेस पुस्तक उघडून बसत.

परंतु या उपक्रमाचे खरे बळ साहित्याच्या पेटीत नव्हते. ते शिक्षकांच्या मासिक बैठकीत होते. न साधलेला प्रयोग, अनुत्तरित राहिलेला प्रश्न शिक्षक तेथे निःसंकोचपणे मांडीत. त्यांच्यातूनच इतरांना शिकविणारे, दुसऱ्यांच्या शाळांत जाऊन साहाय्य करणारे आणि प्राध्यापकांच्या बरोबरीने चर्चा करणारे शिक्षक पुढे आले. २००२ साली राज्य शासनाने हा उपक्रम बंद केला. त्याच्या फलिताविषयी मतभेद असू शकतील. परंतु तीस वर्षांत घडलेली माणसे एका आदेशाने निर्माण होत नाहीत, एवढे तरी कोणीही मान्य करील.

महाराष्ट्रात केंद्रप्रमुख आहेत, शिक्षण परिषदाही भरतात. सांगाडा आहे, उणीव आहे ती प्राणाची. उत्तम शिक्षकास बढती मिळाली की तो वर्गास मुकतो आणि तक्ते व माहितीपत्रके यांत गुरफटतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाकाठी ५० तासांचे प्रशिक्षण अपेक्षिले आहे. हे तास भाषणे ऐकण्यात जाणार असतील, तर ते नसलेलेच बरे!

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक केंद्रात सहकाऱ्यांनीच निवडलेल्या एखाद्या विज्ञानशिक्षकास आठवड्यातील काही तासिकांची मोकळीक द्यावी. त्याने स्वतःचा वर्ग सोडू नये. मात्र इतरांच्या वर्गात तपासनीस म्हणून नव्हे, तर सोबती म्हणून बसावे. मासिक बैठकीत पुढील महिन्याचे प्रयोग शिक्षकांनी स्वतःच्या हातांनी करून पाहावेत. पाठ्यपुस्तके व प्रश्नपत्रिका यांविषयी अशा शिक्षकांच्या शब्दाला वजन असावे.

यास पैसा थोडा लागेल; विश्वास मात्र पुष्कळ लागेल. मुलांनी प्रश्न विचारावेत अशी ज्यांच्याकडून आपण अपेक्षा करतो, त्यांनाच प्रश्न विचारण्याची मुभा नसावी, ही विसंगती आपण आणखी किती दिवस चालू देणार?