पांढऱ्या शेंपटीचें हरिण : प्रदेशाप्रमाणें लहान-मोठें कां?

एका जातीचा प्राणी कोठेंहि गेला तरी आकारानें सारखाच असावयाचा, अशी पुष्कळांची समजूत असते. ती कितपत खरी आहे हें पाहण्यास अमेरिकेंतील पांढऱ्या शेंपटीच्या हरिणासारखें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल. धोक्याची चाहूल लागतांच हें हरिण शेंपटी उभारून पळूं लागतें, आणि तिची खालची पांढरीशुभ्र बाजू निशाणाप्रमाणें दिसूं लागते. त्यावरून त्यास हें नांव पडलें. कॅनडाच्या दक्षिण भागापासून थेट पेरू व बोलिव्हिया या देशांपर्यंत त्याची वस्ती आहे. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हरिणांच्या शिकारीस बंदी आहे. परंतु अमेरिकेंत परवाना काढून ठरलेल्या हंगामांत या हरिणाची शिकार करतां येते, व दरवर्षीं लक्षावधि लोक ती करतात. अशा शिकाऱ्याच्या गोळीचा नेम आणि त्या रानाचें कल्याण हीं दोन्ही या हरिणाच्या आकाराच्या ज्ञानावर बरीच अवलंबून आहेत. म्हणून हा विषय आम्ही येथें मांडीत आहों.

प्रथम आकारांतील अंतर किती मोठें आहे तें पाहूं. फ्लॉरिडाच्या दक्षिण टोंकाशीं ‘कीज’ या नांवाचीं लहान लहान बेटें आहेत. तेथील पूर्ण वाढलेला नर ५५ ते ७५ पौंड, म्हणजे २५ ते ३४ किलो भरतो. आपल्याकडील चितळाहून तो पुष्कळच लहान. ॲरिझोना व मेक्सिकोच्या कोरड्या डोंगरांत याच जातीची ‘कूझ’ नांवाची पोटजात आहे. तिचा नर १०० पौंडांच्या वर क्वचितच जातो. उलट उत्तरेकडील मिनेसोटा, विस्कॉन्सिन व मेन या संस्थानांत ३०० पौंडांचा नर मिळणें अशक्य नाहीं. १९२६ सालीं मिनेसोटांत मारलेला एक नर आंतडीं काढल्यावरहि ४०२ पौंड भरला. जिवंतपणीं तो ५११ पौंडांचा, म्हणजे सुमारें २३२ किलोंचा असावा, असा अंदाज करण्यांत आला. एकाच जातीच्या दोन नरांत सात-आठ पटींचा फरक!

याचें कारण काय? पहिलें उत्तर थंडीचें आहे. १८४७ सालीं कार्ल बर्गमन या जर्मन शास्त्रज्ञानें असा नियम सांगितला कीं, उष्ण रक्ताच्या प्राण्यांपैकीं थंड प्रदेशांत राहणारे प्राणी उष्ण प्रदेशांतील आपल्या भाऊबंदांहून मोठे असतात. याचें मर्म सोप्या गणितानें कळतें. एक हात लांब, रुंद व उंच अशा पेटीचें पृष्ठफळ सहा चौरस हात व घनफळ एक घन हात. हीच पेटी प्रत्येक बाजूनें दुप्पट केली, तर पृष्ठफळ चोवीस, म्हणजे चौपट होतें. परंतु घनफळ आठपट होतें. शरीर उष्णता उत्पन्न करतें आपल्या सर्व मांसानें, आणि गमावतें कातडीवाटें. म्हणून मोठ्या शरीराची ऊब सावकाश जाते. मोठ्या हंड्यांतील पाणी वाटींतील पाण्यापेक्षां उशिरा निवतें, तशांतलाच हा प्रकार आहे. शिवाय लांबलचक हिवाळ्यांत उपयोगी पडणारी चरबी मोठ्या शरीरांत अधिक सांठते.

परंतु सारेंच कोडें थंडीनें सुटत नाहीं. कॅनडांतील सेंट लॉरेन्सच्या आखातांत अँटिकोस्टी नांवाचें मोठें बेट आहे. तेथील हिवाळा कडक असतो. बर्गमनच्या नियमाप्रमाणें तेथें धिप्पाड हरिणें असावयास हवीं होतीं. हें बेट १८९५ सालीं आंरी मेनिए या फ्रेंच चॉकोलेट-कारखानदारानें विकत घेतलें व लवकरच तेथें सुमारें २२० हरिणें आणून सोडलीं. बेटावर लांडगे नव्हते. हरिणें वाढत वाढत लाखाच्या वर गेलीं. त्यांनीं कोंवळीं झाडें व झुडपें खाऊन फस्त केलीं. झुडपांबरोबर बोरासारखीं रानफळें नाहींशीं झालीं, आणि त्यांवर जगणारीं काळीं अस्वलेंहि त्या बेटावरून लोपलीं. आज तेथील हरिण जवळच्या मुख्य भूमीवरील हरिणापेक्षां लहान आहे. थंडी आहे, पण पोटभर अन्न नाहीं. मग शरीर वाढावें कशानें?

याच्या उलट साक्ष टेक्ससमध्यें मिळते. त्या संस्थानाच्या मध्यभागीं असलेल्या डोंगराळ प्रदेशांत हरिणांची अतिशय दाटी आहे व तीं अंगानें लहान आहेत. त्याच्या दक्षिणेस असलेलें कांटेरी झुडपांचें रान अधिक उष्ण आहे; तरीहि तेथें हरिणें विरळ व चारा पौष्टिक असल्यामुळें नर अंगानें भारी व शिंगांनीं डौलदार होतात.

येथें कोणी म्हणेल कीं, हा सारा रक्ताचा, म्हणजे वंशाचा प्रभाव असेल. या शंकेचें उत्तर दक्षिण डाकोटा संस्थानांत झालेल्या एका प्रयोगानें दिलें. तो २००९ सालीं प्रसिद्ध झाला. त्या संस्थानाच्या पश्चिमेस ब्लॅक हिल्स हे डोंगर आहेत. तेथील हरिण लहान. पूर्वेस सुपीक शेतजमीन आहे. तेथील हरिण मोठें. दोहींकडील पाडसें एकत्र ठेवून त्यांस एकच सकस अन्न दिलें. तरीहि डोंगरांतील नर लहानच राहिले. येथेंच प्रयोग थांबला असता, तर सर्वांनीं वंशालाच दोष दिला असता. परंतु याच चाऱ्यावर पोसलेल्या डोंगरी माद्यांचे पुत्र मात्र पूर्वेकडील नरांच्या जवळजवळ बरोबरीस आले. म्हणजे पहिल्या पिढीच्या वाट्यास स्वतःला अन्न मिळालें, पण त्यांच्या माता गर्भारपणीं अर्धपोटीं होत्या. मातेची उपासमार पुत्राच्या अंगावर दिसते, आणि ती भरून निघण्यास एक पिढी जावी लागते. वंशाला महत्त्व नाहीं असें मात्र नव्हे. फ्लॉरिडाच्या बेटांवरील हरिणें हजारों वर्षें एकटीं पडल्यामुळें त्यांचा लहानपणा रक्तांत मुरला आहे.

आतां शिकाऱ्यानें यांतून काय घ्यावें? पहिली गोष्ट अंतराची. पुष्कळ शिकारी जनावर केवढें दिसतें यावरून तें किती दूर आहे हें ठरवितात. उत्तरेकडील मोठ्या हरिणांची संवय झालेला मनुष्य ॲरिझोनांतील लहान हरिण पाहतो, तेव्हां तें आहे त्याहून दूर आहे असें त्यास वाटतें, व गोळी वरून जाते. दक्षिणेकडील मनुष्य उत्तरेस गेला कीं याच्या उलट घडतें. गोळी खालीं लागते, आणि पाय किंवा पोट फुटलेलें तें मुकें जनावर रानांत तळमळत मरतें. म्हणून परक्या प्रदेशांत अंतर मोजल्याखेरीज बंदूक उचलूं नये.

दुसरी गोष्ट वयाची. उत्तरेंतील सहा महिन्यांचें पाडस एकटें उभें असलें, तर दक्षिणेकडील मनुष्यास तें प्रौढ मादीसारखें भासेल. त्याचें आखूड तोंड व चौकोनी धड पाहावें. प्रौढ मादीचें तोंड लांब व धड लांबट असतें. हरिण मारल्यावर दांतांवरून वय ठरवितां येतें. ही पद्धति सेव्हरिंगहाउस या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९४९ सालीं मांडली. वजनांची तुलना करतांना वय, नर-मादी व ऋतु हे सारखेच धरावे. माजाच्या दिवसांत नर खाणें टाकून हिंडतो व आपल्या वजनाचा पांचवा हिस्साहि गमावतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्या रानांतील हरिणें वर्षानुवर्षें खुजीं होत असतील, तर तेथें चाऱ्याच्या मानानें तोंडें फार झालीं आहेत काय, हें आधीं पाहावें. मोठ्या शिंगांच्या मागें लागून केवळ थोर नर वेंचून मारणें हा त्यावरील उपाय नव्हे. कायद्यानें परवानगी असेल तेथें माद्यांची संख्या माफक ठेवावी, म्हणजे चारा उरतो, गाभण मादीला पोटभर मिळतें, आणि फळ पुढल्या पिढींत दिसतें. जो शिकारी तेवढा धीर धरील, त्याच्या मुलांस त्या रानांत भरदार हरिणें पाहावयास मिळतील.